कोण एनोस?

"फाटक माझं, भिंत माझी, रंग फुकटचा. तुझ्या बापाचं काय गेलं?"

"बापाचं नाही, माझं गेलं! फॉर्मात निळं लिहिलंय मी. निळं! आता ते साहेब येणार, निळं फाटक शोधणार आणि नाही म्हणून परत जाणार!"

"मग हिरवं लिही. पेन नाही का तुझ्याकडे?"

अराप चुमो म्हातारा फाटकासमोर स्टूल टाकून बसला होता. हातात मुर्सिकचा मग, ओठांवर त्या आंबलेल्या दुधाची पांढरी मिशी, आणि डोळ्यांत लग्न लावल्याचं समाधान. एनोस तालामच्या दोन्ही हातांना हिरवा रंग लागला होता, कारण खात्री करून घ्यायला त्याने ओलं फाटक दोनदा थोपटलं होतं. टेलिफोन कंपनीची माणसं दुपारी टेम्पो घेऊन आली आणि जाहिरात म्हणून कंपनीच्या हिरव्या रंगात फुकटात रंगवून गेली. विचारलं कुणाला? घरमालकाला. भाडेकरूला कोण विचारतं!

एनोस एकोणीस वर्षांचा. गणिताच्या मास्तरांशी भांडून त्याने शाळेच्या कुंपणावरून उडी मारली ती मारली, तेव्हापासून तो धावतोच आहे. धावायला लागल्यावर कळलं की आपण बरे धावतो, आणि मग कळलं की या गावात बरे धावणारे मेंढरांपेक्षा जास्त आहेत. दरीच्या काठावरचं हे गाव, सकाळी सहाला रस्त्यावर माणसं कमी आणि धावणारेच जास्त. तरी त्याने गेल्या वर्षी एक शर्यत मारली, आणि आता तीन आठवड्यांनी स्पेनमध्ये त्याची पहिली परदेशातली शर्यत होती. व्हिसा आला होता. खाली दरीतल्या घरी आईने विमानाची गोष्ट सगळ्या बाजाराला सांगून टाकली होती आणि स्पेनमध्ये थंडी असते असं कुणीतरी सांगितलं म्हणून एक लाल स्वेटर विणून पाठवला होता. त्यावर पांढऱ्या लोकरीत 'एनोस' असं विणलेलं. हरवू नये म्हणून. स्वेटर की पोरगा, ते तिने सांगितलं नव्हतं.

आणि मध्ये उभा होता हा ठावठिकाण्याचा फॉर्म.

नियम सोपा. मोठ्या शर्यती पळायच्या तर रोज एक तास तू कुठे सापडशील ते फोनवर लिहून द्यायचं. एनोसने संध्याकाळी पाच ते सहा लिहिलं होतं. त्या तासात कधीतरी, न सांगता, डोप चाचणीवाले साहेब नैरोबीहून येतात, बाटली देतात, समोर उभं राहून लघवी करायला लावतात, ती सील करून नेतात. वर्षात तीनदा सापडला नाहीस, तर दोन वर्षं बाहेर. तू औषधं घेऊन पळून गेलास की संडासात बसला होतास, हे कुणी विचारत नाही. सापडला नाहीस, संपलं.

एनोसने आयुष्यात ताप आला तरी गोळी घेतली नव्हती. आणि तो दोनदा सापडला नव्हता.

पहिल्यांदा त्याने पत्ता लिहिला होता 'मामा सलिनाच्या चहाच्या टपरीसमोर'. मामा म्हणजे इकडे आईच्या वयाची बाई. दुसरं लिहिणार काय? इथे कुठल्या घराला नंबर आहे? पण रस्ता रुंद होतोय म्हणून सलिनाने टपरी उचलली आणि खाली बस थांब्याशी नेली. गावाला माहीत होतं. फॉर्मला माहीत नव्हतं. साहेब बस थांब्यावर तासभर चहा पीत बसले.

दुसऱ्यांदा साहेब बरोबर निळ्या फाटकाशी आले. एनोस मागे बादलीतल्या पाण्याने आंघोळ करत होता. फाटकात अराप चुमो होता. साहेबांनी विचारलं, "एनोस तालाम इथे राहतो का?"

म्हातारा म्हणाला, "कोण एनोस?"

यात त्याचा दोष काढणंही अवघड. गावाची रीतच ती. हातात फाइल घेऊन आलेल्या माणसाला आपलं माणूस दाखवायचं नाही. एकदा वनखात्याचा माणूस आला, त्याने म्हाताऱ्याच्या भावाबद्दल विचारलं, कुणीतरी बोट दाखवलं, भाऊ आठ महिने आत. एकदा शिरगणतीवाला आला, गोड बोलून गाई मोजून गेला, पाठोपाठ करवाला आला. तेव्हापासून या गल्लीत फाइलवाल्याला विचाराल तर कुणीच कुठेच राहत नाही.

"तिसऱ्यांदा झालं ना बाबा, तर मी मेलो," एनोसने त्याला शंभरदा समजावलं होतं. "ते मला पकडायला येत नाहीत. मी सापडावं म्हणून येतात."

"एकच की रे ते," म्हातारा म्हणाला होता.

तर आता फाटक हिरवं. एनोसने चरफडत फोन काढला, 'निळं फाटक' खोडलं, 'हिरवं फाटक' लिहिलं, पाठवलं. जरा बरं वाटलं. मग त्याने मान वळवून गल्लीकडे पाहिलं.

अकरा फाटकं. अकराच्या अकरा हिरवी. चर्चची भिंत हिरवी. सलिनाची हलवलेली टपरी हिरवी. कुणाची तरी हातगाडी रस्त्यात उभी होती, तीही हिरवी. कंपनीच्या रंगाऱ्यांनी हात आखडता घेतला नव्हता.

त्याने पुन्हा फोन काढला. 'हिरवं फाटक, समोर तांबडी गाय बांधलेली असते.' दुसऱ्या दिवशी सकाळी अराप चुमोने गाय सोडली आणि पलीकडच्या वाडीवर वळूकडे नेली.

"कधी येणार परत?"

"गाभण राहिली की."

"बाबा, माझी शर्यत!"

"गाईला सांगून बघ."

शेवटी एनोस वैतागला. त्याने एक फळी घेतली, कोळशाने तिच्यावर लिहिलं, 'एनोस तालाम इथे राहतो. संध्याकाळी पाच ते सहा घरी असतो. नक्की असतो.' फळी फाटकाला तारेने बांधली आणि पावणेपाचपासून तिच्याखाली स्टूल टाकून बसला. चुकायची सोयच ठेवली नाही. येणाराजाणारा प्रत्येक माणूस थांबून पाटी वाचायचा, मग खाली बसलेल्या एनोसला वाचायचा.

"काय रे, मुलीकडचे बघायला येणार आहेत की काय?" मामा सलिना दुधाची किटली घेऊन जाताना म्हणाली.

"चाचणीवाले येणार आहेत."

"अगं बाई! आणि तू बसून राहिलायस?"

शेजारच्या फाटकातून किमुताई नावाचा गडी बाहेर आला. किमुताई दहा वर्षं धावत होता आणि पस्तिशीत अचानक पंचविशीतल्यापेक्षा जोरात धावायला लागला होता. त्याच्या घरात फ्रीज होता, आणि फ्रीजमध्ये दुधाच्या मागे काय असतं ते गल्लीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. नैरोबीची पांढरी गाडी बस थांब्याशी वळली की सलिना पातेल्यावर झाकण आपटायची, तीनदा. झाकण वाजलं की किमुताई आत जायचा. आत काय करायचा ते त्याचं त्यालाच ठाऊक, पण अर्ध्या तासाने बाहेर यायचा तो नुकता बाप्तिस्मा झाल्यासारखा. आजवर एकदाही अडकला नव्हता.

त्याने पाटी वाचली. हसला. "खाई त्याला खवखवे, एनोस."

"मी काय खाल्लंय रे?"

"मी कुठे म्हणतो काय? पण माझ्या दाराला बघ, आहे का पाटी?"

एनोस स्टुलावरून उठला तो थेट त्याच्या गळ्याशी. लोकांनी सोडवलं. पण एकदा वाक्य सुटलं की सुटलं. शनिवारी सलिना टपरीवर म्हणाली, एवढा घाबरलाय म्हणजे काहीतरी असेल. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी मोहाला बळी पडलेल्या तरुणांसाठी प्रार्थना केली आणि डोळे मिटण्याआधी एनोसकडे पाहिलं. सोमवारी कोचने त्याला बाजूला घेतलं.

"मला सांग. मी रागावणार नाही. काय घेतलंस?"

"काही नाही घेतलं!"

"मग पाटी कशाला लावलीस?"

याला काय उत्तर द्यायचं? काहीच घेतलं नाही म्हणून लावली. हे मोठ्याने म्हणून पाहा, वेडं वाटतं. एनोसने ते मोठ्याने म्हणून पाहिलं. कोचने त्याच्या खांद्यावर थोपटलं, आजाऱ्याला थोपटतात तसं.

सगळ्यात भयंकर गोष्ट ही की गल्लीने त्याचा तिरस्कार केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. गल्लीला त्याची दया आली. पोरसवदा आहे. चुकलं असेल. आई तिकडे दरीत एकटी. आपण नाही सांभाळायचं तर कुणी? अराप चुमोने तर त्याला रात्रीच्या मक्याच्या उगालीबरोबर मटणाचा तुकडा पाठवला. एनोसला वाटलं, फाटकाबद्दल म्हाताऱ्याला पश्चात्ताप झालाय. त्याने आनंदाने खाल्ला. गाढव.

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी झाकण वाजलं. तीनदा.

एनोस ताडकन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला ते झाकण चर्चच्या घंटेसारखं वाटलं. दुपारपासून त्याने पाणी पिऊन पिऊन पोट फुगवलं होतं, बाटली भरायला दोन मिनिटं पुरली असती. त्याने शर्ट नीट केला. शेजारी किमुताईचं दार धाडकन बंद झालं. खाली वळणावर पांढऱ्या गाडीची धूळ दिसली.

आणि मागून कुणीतरी त्याला उचललं.

गुरुवारी चर्चमध्ये गाण्याची तालीम असते. तिथले खालच्या पट्टीत गाणारे दोन धिप्पाड बाप्ये अराप चुमोने आधीच सांगून ठेवले होते. एकाने काखेत धरला, दुसऱ्याने पाय.

"सोडा! अरे सोडा, मला द्यायचीये चाचणी!"

"घाबरू नकोस लेकरा," म्हातारा मागून पळत पळत म्हणाला. "आम्ही आहोत."

"तुम्ही आहात म्हणूनच घाबरतोय!"

त्याला गोठ्यात टाकलं. बाहेरून अडसर घातला. म्हाताऱ्याने दाराच्या फटीतून हात घातला आणि त्याच्या खिशातला फोन काढून घेतला. "यावरूनसुद्धा शोधतात म्हणे," असं म्हणून स्वतःच्या कोटात टाकला. मग जाऊन फाटकावरची पाटी उतरवली, स्टुलावर ठेवली आणि तिच्यावर बसला.

गाय वळूकडे होती, पण वासरू गोठ्यातच होतं. त्याने एनोसचा कान चाटायला घेतला.

या खेपेचे चाचणीवाले वांजाला साहेब गल्लीत नवे होते, आणि आले ते आधीच दमलेले. सहा फुटी माणूस, टायरसारखे सुजलेले डोळे, खांद्याला थंड पेटी. सातव्या हिरव्या फाटकावर त्यांनी थाप मारली होती. हे आठवं.

"एनोस तालाम इथे राहतो का?"

"कोण एनोस?" अराप चुमो म्हणाला.

"साहेब! मी इथे आहे! गोठ्यात!" एनोस फटीला तोंड लावून ओरडला.

"हालेलुया!" मामा सलिनाने अंगणातच सूर लावला. तिच्यामागे दोघे बाप्ये, त्यांच्यामागे तालमीला आलेल्या सगळ्या बायका. कधी नव्हे ते चर्चचं गाणं एका सुरात आणि वेळेवर सुरू झालं. एनोस ओरडला की त्या चढायच्या. तो थांबला की त्या श्वास घ्यायच्या.

"कोण ओरडतंय?" वांजालांनी विचारलं.

"वासरू. आई सासरी गेलीये त्याची."

वांजाला थांबले. नियमाप्रमाणे थांबावंच लागतं, सहा वाजेपर्यंत. मधल्या वेळात शेजारचं दार उघडलं आणि किमुताई बाहेर आला, केस ओले, चेहरा देवदूताचा. नाव त्याचंही यादीत होतं. त्याने साहेबांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि आत जाऊन त्यांच्या देखत काठोकाठ बाटली भरून दिली. वांजालांचा चेहरा खुलला. इतकं सहकार्य त्यांना पूर्ण महिन्यात मिळालं नव्हतं.

सहाला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी नियमाप्रमाणे एनोसच्या नंबरवर फोन लावला.

अराप चुमोचा कोट गायला लागला.

गाणाऱ्या बायकांचा सूर चुकला. म्हातारा पाटीवर ताठ बसलेला, आणि त्याच्या छातीशी एनोसने लावलेलं ते नाचाचं गाणं, ढोलासकट.

"आजोबा, तुमच्या खिशात फोन वाजतोय."

"फोन नाही तो," अराप चुमो म्हणाला. "हृदयाचं मशीन आहे. एल्दोरेत शहरातल्या डॉक्टरने बसवलंय. संध्याकाळी वाजतं."

वांजालांनी फोन बंद केला. मशीन थांबलं. त्यांनी परत लावला. मशीन परत सुरू झालं.

"बघा," म्हातारा छातीवर हात ठेवून म्हणाला, "तुम्ही त्रास देताय म्हणून."

वांजालांनी त्याच्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. मग वहीत लिहिलं. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याच्या कोटात हात घालण्याचा अधिकार त्यांना नियमाने दिलेला नव्हता.

एनोसने छपराचा पत्रा उचकटला तेव्हा गाडी वळणावर होती. एक बूट वासराकडे राहिला. पत्र्याने शर्ट फाटला, ढोपरापर्यंत शेण. तो तसाच धावला. चढाचा रस्ता, दीड किलोमीटर, एका बुटात. आयुष्यात तो इतका जोरात धावला नव्हता, आणि मोजायला कुणी नव्हतं. वर डांबरी रस्त्यावर मेंढरांचा कळप आडवा आला म्हणून गाडी थांबली होती. एनोस बॉनेटवर आडवा पडला.

"मी! मी एनोस! द्या बाटली, इथेच देतो, या मेंढरांसमोर देतो!"

वांजालांनी काच खाली केली. माणूस वाईट नव्हता. त्यांनी एनोसकडे नीट पाहिलं, शेण, रक्त, एक बूट, सगळं.

"सहा वाजून सात मिनिटं झालीत, पोरा."

"सात मिनिटं, साहेब! मी वर्षभर बसलोय!"

"बाटली आहे रे माझ्याकडे," वांजाला म्हणाले. "वेळ नाहीये."

कळप गेला. गाडी गेली. दुपारपासून प्यायलेलं सगळं पाणी घेऊन एनोस रस्त्यात उभा राहिला.

नंतर कळलं की साहेबांनी अहवालात एक ओळ जादा लिहिली होती: 'खेळाडू सहानंतर प्रकट झाला. धावण्याचा वेग संशयास्पद.'

अपील करता येतं. एनोसने केलं. पाद्रीबाबांच्या लॅपटॉपवर सुनावणी झाली, नैरोबीचे तिघे जण पडद्यावर, इकडे एनोस आणि त्याचा एकमेव साक्षीदार. आदल्या दिवसभर त्याने म्हाताऱ्याला पढवलं होतं. बाबा, फक्त खरं सांगा. मला कोंडलं म्हणून सांगा. फोन घेतला म्हणून सांगा. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याने एनोसच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होता. सुनावणीला तो लग्नातला कोट घालून आला.

पडद्यावरच्या बाईंनी समोरची फाइल उघडली. लाल, जाड फाइल. म्हाताऱ्याची नजर त्या फाइलवर गेली आणि तिथेच अडकली.

"आजोबा, घाबरू नका," बाई म्हणाल्या. "तुमच्या शेजारी बसलेल्या एनोस तालामला तुम्ही ओळखता का?"

एनोसने डोळे मिटले.

"कोण एनोस?" अराप चुमो म्हणाला.

दोन वर्षं. स्पेनची जागा रिकामी झाली ती यादीत पुढचं नाव असलेल्या किमुताईला मिळाली. जायच्या आदल्या दिवशी तो एनोसच्या दारात आला.

"राग नको धरू. एक विचारू? तो स्वेटर. तुला आता काय उपयोग? तिकडे थंडी असते म्हणतात."

एनोसने त्याच्या तोंडावर फेकून मारला. किमुताईने तो झेलला, वर आभार मानले.

किमुताई तिकडे दुसरा आला. तो परतल्यावर महिन्याभरात चर्चच्या पटांगणात मोठी सभा झाली. खेळातली फसवणूक कशी रोखायची, हा विषय. शहरातून अधिकारी आले होते, मांडव होता, प्रत्येकाला एक टोपी आणि एक बन. प्रमुख पाहुणा किमुताई, छातीवर मेडल, अंगात लाल स्वेटर. त्यावर पांढऱ्या लोकरीत दुसऱ्याचं नाव, पण तेवढं कोण वाचतं. पाद्रीबाबा म्हणाले, बायबलवर शपथ घ्यायला लावा. गावातल्या थोरांपैकी एक जण म्हणाला, शपथेला कुणी भीत नाही, शाप द्या. कोच म्हणाला, शाळेपासून शिकवलं पाहिजे. सलिना म्हणाली, पकडला की टपरीवर फोटो लावा, आणि म्हणता म्हणता तिची नजर किमुताईकडे गेली, मग तिने बनचा घास घेतला.

किमुताईने भाषण केलं. "मित्रांनो, लपू नका. साहेब दारात आले तर त्यांना खुर्ची द्या. ज्याचं मन साफ, त्याला कसली भीती?" टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात वांजाला साहेबांच्या.

मग अधिकारी माइकवर म्हणाले, "आता आपल्यासमोर एक चुकलेला तरुण आपले अनुभव सांगेल. त्याला धीर द्या."

मांडवात सहानुभूतीची कुजबुज झाली. एनोस मागच्या खांबाशी उभा होता. त्याला ढकलत ढकलत पुढे आणलं. पहिल्या रांगेत अराप चुमो बसला होता, शेजारच्याला सांगत होता, "आम्ही खूप प्रयत्न केले हो त्याला वाचवायचे. खूप."

एनोसने माइक हातात घेतला. बोलायचं त्याच्याकडे खूप साठलं होतं. त्याने किमुताईच्या स्वेटरकडे पाहिलं. वांजालांकडे पाहिलं. मग चर्चच्या हिरव्या भिंतीवरच्या घड्याळाकडे. पाचला दहा मिनिटं कमी.

बंदी असली तरी फॉर्म सुटत नाही. दोन वर्षांनी परत पळायचं असेल तर त्या दोन वर्षांतसुद्धा रोज एक तास जागेवर सापडावं लागतं. नाही सापडला तर पुन्हा मोजणी. आणि ज्यांनी यायचं, ते वांजाला साहेब समोर बन खात बसले होते.

"बोल रे लेकरा," अराप चुमो ओरडला. "घाबरतोस कशाला? इथे तुला कोण शोधायला येणार आहे?"

"तेच तर बाबा," एनोसने माइक टेबलावर ठेवला. "पाच वाजत आले. मला फाटकाशी बसायचंय. निघतो मी."